बालगातचा मेंढपाळ आणि बनगरवाडीचे धनगर

डॅनिएल लर्नर यांच्या 'द पासिंग ऑफ ट्रॅडिशनल सोसायटी' (१९५८) या ग्रंथाचा आरंभ एका दृष्टान्तकथेने होतो. समाजशास्त्राच्या ग्रंथाने असा आरंभ करावा, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने नजरेआड करू नये अशी आहे. अंकारा शहराजवळच्या बालगात या खेड्यात १९५० साली काही ग्रामस्थांच्या मुलाखती घेण्यात आल्या. त्यांत गावाचा मुखिया होता, एक किराणा दुकानदार होता आणि एक मेंढपाळही होता. विचारलेल्या प्रश्नांपैकी एक असा होता : तुम्ही तुर्कस्तानचे अध्यक्ष झालात तर काय कराल? दुकानदाराला उत्तर सुचले. रस्ते बांधीन, म्हणजे खेड्यातली माणसे शहरात जाऊन जग पाहतील, अशा आशयाचे ते उत्तर होते. मेंढपाळ मात्र प्रश्नानेच गांगरला. आपल्यासारख्या दरिद्री माणसाने असली गोष्ट मनात तरी कशी आणावी, एवढेच त्याला म्हणता आले.

मुलाखत घेणाऱ्या तरुणाला दुकानदार आवडलेला नव्हता. त्याचा नेकटाय, त्याचे शहरी सिनेमाचे वेड यांविषयी त्याने काहीशा तुच्छतेनेच टिपणे केली होती. लर्नर यांनी ही टिपणे उलट्या अंगाने वाचली आणि ज्याला गाव हसत होते त्या माणसात त्यांना उद्याचा माणूस दिसला. १९५४ मध्ये ते स्वतः बालगातला गेले तेव्हा दुकानदार हयात नव्हता. पण बस सुरू झाली होती, वीज आली होती, एके काळी मुखियाच्याच घरी असलेला रेडिओ घरोघर वाजत होता आणि मुखियाचे मुलगे दुकाने चालवीत होते. गाव दुकानदाराला द्रष्टा मानू लागले होते. संहितेचे इतके सूक्ष्म वाचन एखाद्या समीक्षकालाही भूषणावह ठरावे. मात्र या वाचनात मेंढपाळाचे पुढे काय झाले हा प्रश्न कोणाला पडलेला दिसत नाही.

लर्नर यांनी या कथेतून काढलेली संकल्पना मूलतः साहित्यशास्त्राच्या प्रांतातली आहे. आधुनिक मनुष्याचे व्यवच्छेदक लक्षण त्यांच्या मते दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पिण्याची शक्ती हे होय. मराठीत आपण तिला परकायाप्रवेश म्हणू. ज्याला हा परकायाप्रवेश साधतो तो मत बाळगू शकतो, मत बाळगणारा मतदान करू शकतो. आणि शहरीकरण, साक्षरता व प्रसारमाध्यमे यांच्या वाढीतून ही शक्ती समाजात पसरते, असे हे प्रतिपादन आहे. यात एक नायक आहे, त्याला हसणारे प्रतिनायक आहेत आणि शेवटी काळाने दिलेला निवाडाही आहे. एकोणिसाव्या शतकातील कादंबरीला शोभेल असे हे कथानक आहे. फक्त ते एक प्रकरण आधी संपवलेले आहे, कारण ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावर दोनच वर्षांनी, २७ मे १९६० रोजी, तुर्कस्तानात सैन्याने सत्ता हाती घेतली आणि १९६१ मध्ये पदच्युत पंतप्रधान मेंदेरेस यांना फाशी देण्यात आले. बालगातला बस पोचली होती, हे त्या वेळीही खरेच होते.

पुढील अर्धशतकात या कथानकाला आकडेवारीचे भक्कम अधिष्ठान मिळाले. सीमूर मार्टिन लिप्सेट यांनी १९५९ मध्ये संपन्नता आणि लोकशाही यांच्यातील सहसंबंध मांडला. रोनाल्ड इंगलहार्ट यांनी १९७७ च्या 'द सायलेंट रेव्होल्यूशन'पासून मूल्यपालटाचा पाठपुरावा केला आणि १९८१ पासून चाललेल्या जागतिक मूल्य-सर्वेक्षणाच्या आधारे ख्रिस्तिआन वेल्झेल यांच्यासह २००५ मध्ये 'मॉडर्नायझेशन, कल्चरल चेंज अँड डेमोक्रसी' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या मांडणीत मूल्यांचे दोन अक्ष आहेत. एका अक्षावर समाज परंपरानिष्ठेकडून इहवादी विवेकाकडे सरकतो. हे प्रामुख्याने औद्योगिकीकरणाचे कार्य. दुसऱ्या अक्षावर तो जगण्याच्या विवंचनेकडून आत्माविष्काराकडे सरकतो. हे उद्योगोत्तर, ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्थेचे कार्य. साधने वाढली की माणसे स्वतःच्या निवडीला महत्त्व देऊ लागतात आणि अशी माणसे वाढली की लोकशाही केवळ कागदावर राहत नाही, परिणामकारक होते, अशी ही कार्यकारणाची साखळी आहे.

या ग्रंथकारांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नोंदवले पाहिजे की आधुनिकीकरण म्हणजे पाश्चात्त्यीकरण हे समीकरण त्यांनी नाकारले आहे, ही वाटचाल एकरेषीय नाही आणि मागेही फिरू शकते हे त्यांनी मान्य केले आहे, आणि धर्म व साम्राज्ये यांचा जुना वारसा समाजांच्या मूल्यनकाशावर टिकून राहतो हे आवर्जून दाखवले आहे. २०१९ मध्ये पिपा नॉरिस यांच्यासह इंगलहार्ट यांनी संपन्न देशांतच उसळलेल्या प्रतिक्रियेचा अभ्यास केला, तोही याच प्रामाणिकपणाचा भाग. आडाम प्शेव्होर्स्की आणि फर्नांडो लिमोंगी यांनी तर १९९७ मध्येच असे प्रतिपादन केले होते की संपन्नता लोकशाहीला जन्म देत नाही, जन्मलेल्या लोकशाहीला जगवते. तेव्हा हा सिद्धान्त भाबडा आहे असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही. येथे उपस्थित करावयाचा प्रश्न निराळा आहे. या सिद्धान्ताला मूल्य म्हणून नेमके काय दिसते, आणि मेंढपाळाच्या ठायी ते असूनही दिसत नाही असे तर घडत नाही ना?

लर्नर यांच्या ग्रंथाच्या तीन वर्षे आधी, १९५५ मध्ये, व्यंकटेश माडगूळकर यांची 'बनगरवाडी' प्रसिद्ध झाली. तीतही एक बाहेरून आलेला तरुण आहे, मेंढपाळांची वस्ती आहे आणि प्रश्न विचारणे आहे. फक्त प्रश्नांची दिशा उलटी आहे. राजाराम सौंदणीकर हा पोरसवदा मास्तर वाडीत येतो तेव्हा वाडी त्याची मुलाखत घेते. हा कोण, कशासाठी आला, टिकेल का, याचा पोक्या मेंढक्यांच्या नजरेने अदमास घेतला जातो. शाळा म्हणजे चावडी, आणि चावडीत शिकण्यापेक्षा मेंढरांमागे जाणे मुलांना अधिक गरजेचे. असे असता वाडी हळूहळू मास्तरला आपलासा करते ती शिक्षणाच्या महतीने भारावून नव्हे. त्याला लिहिता येते, तालुक्याच्या गावी जाता येते, पैशाअडक्याचे व्यवहार करता येतात, आणि तो लबाड नाही हे तिने पारखलेले असते. साक्षरतेमुळे माणसाचे मन विस्तारते हे लर्नर यांचे सूत्र. येथे एका माणसाची साक्षरता सबंध वाडी वाटून घेते.

मूल्य-सर्वेक्षणात आत्माविष्काराच्या निर्देशांकाचा एक घटक परस्परविश्वास हा असतो. बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो की सावध राहिलेले बरे, असा तो प्रश्न. बनगरवाडीच्या कारभाऱ्याला हा प्रश्न कोणी विचारता तर त्याने सावध राहिलेले बरे असेच सांगितले असते, यात शंका नाही. त्याचे सारे आयुष्य लांडग्यापासून आणि चोरापासून सावध राहण्यात गेले आहे. पण तोच कारभारी परक्या मास्तरच्या पाठीशी उभा राहतो, आणि पुढे संशयाचे निमित्त घडताच तितक्याच वेगाने त्याच्याकडे पाठ फिरवतो. या दोन्ही कृती त्याच्या स्वभावात एकजीव आहेत. त्याचा विश्वास 'बहुतेक माणसां'वर नसतो. तो या माणसावर, या कामापुरता, रोज नव्याने तोलून ठेवलेला असतो. सर्वेक्षणाच्या चौकटीत अशा विश्वासाला खण नाही.

कादंबरीतील तालमीचा प्रसंग या दृष्टीने पुनः वाचण्याजोगा आहे. वाडीने आपली तालीम बांधावी ही कल्पना मास्तरची, पण भिंती उभ्या राहतात त्या घराघरांतून आलेल्या अंगमेहनतीतून. ज्यांच्या पदरी शिलकीत काही नाही त्यांच्याकडे द्यायला हातच असतात, आणि ते दिले जातात. संस्थानचे राजे उद्घाटनाला येतात तेव्हा वाडी दबून जात नाही. तिच्या आनंदात भक्तीचा भाग असला तरी आपण काही उभारले आणि ते पाहायला राजा आला, हा अभिमान त्याहून ठळक आहे. माडगूळकरांनी या प्रसंगावर कोणतेही भाष्य केलेले नाही. बहुधा म्हणूनच त्याची गणना ग्रामीण रम्यतेत करून समीक्षा पुढे गेली.

या कादंबरीमागे उभे असलेले संस्थान कोणते हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. माडगूळकरांचे माडगूळ हे गाव औंध संस्थानच्या आटपाडी भागातले. ७२ गावांच्या या विखुरलेल्या संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ च्या जानेवारीत गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना अमलात आणली आणि आपला अधिकार प्रजेच्या हाती दिला. गावपंचायती, तालुका समित्या आणि त्यांवर विधिमंडळ अशी ती रचना होती. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि मूळचे पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन हे या प्रयोगाचे प्रमुख कार्यकर्ते. (आटपाडीजवळ कैद्यांसाठी वसवलेली स्वतंत्रपूरची मुक्त वसाहत याच वातावरणातली. 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाची कथा व्यंकटेशरावांचे वडील बंधू ग. दि. माडगूळकर यांची असावी, हा योगायोग म्हणता येणार नाही.) १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत हा प्रयोग चालला.

आधुनिकीकरणाच्या शिडीवर औंध कोठे बसते? संस्थानात कारखानदारी अजिबात नव्हती असे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी याच संस्थानातली. पण स्वराज्याची घटना किर्लोस्करवाडीतल्या कामगारांच्या बदललेल्या मूल्यांनी मागून घेतलेली नव्हती. ती वरून आली आणि माणदेशातल्या वारंवार दुष्काळ भोगणाऱ्या, बहुतांशी निरक्षर गावांना लागू झाली. साधने, मग मूल्ये, मग संस्था हा क्रम येथे उलटा झालेला आहे. 'बनगरवाडी' ही त्या घटनेची कथा नव्हे. पण कागदावरची ती घटना ज्या मातीत रुजवायची होती त्या मातीचे इतके विश्वसनीय वर्णन दुसरीकडे मिळणार नाही. त्या मातीत तालीम आहे आणि शेकूची बायकोही आहे. एकच बैल असलेल्या शेकूला पेरणीच्या ऐन वेळी दुसरा बैल कोणी देत नाही, आणि त्याची बायको जू खांद्यावर घेते. भिंतीसाठी हात देणारी वाडी तीच आणि बैल न देणारी वाडीही तीच. माडगूळकरांची ही तटस्थता ग्रामस्वराज्याच्या भक्तांना जितकी अडचणीची आहे तितकीच शिडीच्या भक्तांनाही.

मग साधने वाढली, यंत्र आले, तर काय होते? आनंद यादव यांच्या 'गोतावळा' (१९७१) या कादंबरीत ते आले आहे. नारबा हा मालकाच्या मळ्यावरचा गडी. बैल, म्हशी, शेरडे, कोंबड्या, झाडे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि जनावरे एकामागून एक मळ्यावरून जातात. हिशेबाच्या दृष्टीने मालकाचा निर्णय निर्दोष आहे. तो आधुनिक आहे, विवेकनिष्ठ आहे, पहिल्या अक्षावर निश्चितपणे वर सरकलेला आहे. पण त्याच घटनेने नारबाच्या वाट्याला निवड म्हणून जे काही होते तेही जाते. कोणत्या जनावराला केव्हा विसावा द्यावा, कोणती वाफ केव्हा धरावी, हे ठरवणारा माणूस आता यंत्राच्या मागेपुढे उगाच घुटमळणारा होतो. सिद्धान्त सरासरीविषयी बोलतो आणि सरासरीत मालक व गडी एकत्र धरले जातात. कादंबरीला सरासरी काढता येत नाही. यादवांनी सबंध निवेदन नारबाच्या बोलीत, त्याच्याच तोंडून केले आहे, ही केवळ शैलीची हौस मानली तर कादंबरीचा गाभाच हातातून निसटतो. आत्माविष्काराच्या मापनात ज्याची गणती शून्याजवळ होईल असा मनुष्य येथे शे-दीडशे पृष्ठे स्वतःला व्यक्त करतो आहे, आणि त्याच्या व्यक्त होण्याचे सारे द्रव्य 'जगण्याच्या विवंचने'तले आहे. जगणे आणि आत्माविष्कार ही एकाच अक्षाची दोन टोके आहेत, या गृहीतकाला नारबाची भाषाच हरकत घेते.

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो, आणि तो अमेरिकेतून नव्हे, महाराष्ट्रातूनच येतो. खेड्यातल्या सहकार्याचे हे गोडवे कोणाच्या वतीने गायले जात आहेत? घटना समितीत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेडे हा घटक नाकारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते, आणि खेड्याचे गुणगान करणाऱ्यांची भीडभाड ठेवली नव्हती. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातील ज्या विसंगतीत आपण प्रवेश करीत आहोत तिचा त्यांनी इशारा दिला. या आक्षेपाला 'बनगरवाडी'कडे पुरेसे उत्तर नाही. ती प्रायः एका जातीची वस्ती आहे. रामोशी तिच्या कडेला आहेत, आणि आंजीच्या मनात काय चालले असेल हे मास्तरच्या निवेदनाला अंधुकच कळते. तालमीत मुलगे जाणार आहेत, मुली नाहीत.

तथापि आंबेडकरांची भूमिका आणि आधुनिकीकरणाचा सिद्धान्त एकच आहेत असे समजणे ही मोठी गफलत होईल. आमच्या विद्यापीठीय चर्चांत ती वारंवार होते. आंबेडकरांनी समाज पुरेसा संपन्न, साक्षर आणि मूल्यदृष्ट्या परिपक्व होईपर्यंत मताधिकार लांबवावा असे म्हटले नाही. साउथबरो समितीपुढील १९१९ च्या साक्षीपासून अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची मागणी त्यांनी लावून धरली होती. घटनात्मक नीती ही आपोआप उगवणारी गोष्ट नाही, ती जाणीवपूर्वक जोपासावी लागते, हे त्यांचे म्हणणे होते. जोपासना ही क्रिया आहे आणि तिला कर्ता लागतो. साखळीत कर्ता नसतो, दुवे असतात.

१९५१ च्या जनगणनेत भारतातील साक्षरता सुमारे १८ टक्के होती, आणि त्याच सुमारास १७ कोटींहून अधिक प्रौढांची मतदारयादी तयार झाली. या यादीच्या इतिहासातला एक तपशील मूल्यांच्या सर्व अक्षांपेक्षा बोलका आहे. अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढेच नोंदवले. निवडणूक आयोगाने अशा नोंदी ग्राह्य धरण्यास नकार दिला आणि सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गेली. बिहार, मध्य प्रदेश, राजस्थान या भागांत हे प्रमाण अधिक होते. पुढच्या निवडणुकीच्या आत त्यांतल्या बहुसंख्य स्त्रियांची नावे नोंदवून घेण्याचे काम करावे लागले. आत्माविष्काराची मूल्ये अंगी आली म्हणून या स्त्रियांनी मत मागितले नव्हते. मताच्या यादीने त्यांच्याकडे नाव मागितले, आणि नाव उच्चारणे ही त्यांच्यापैकी कित्येकींची बहुधा पहिली सार्वजनिक कृती ठरली. संस्था आधी आणि 'स्व' मागून, असा हा क्रम. यात वरून लादल्याचा अंश नाही असे नाही. पण १९७७ च्या मार्चमध्ये आणीबाणीचा हिशेब चुकता करणाऱ्यांत हेच निरक्षर, निर्धन मतदार होते, हे विसरता येत नाही.

नावाचा हा प्रश्न दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनात रचनेच्या तळाशीच आहे. सिद्धान्ताच्या हिशेबाने पाहता ही यशाची कहाणी आहे : गावकुसाबाहेरचे बालपण, कावाखान्यातली मुंबई, मग शिक्षण, नोकरी, पांढरपेशी वस्ती, कवी म्हणून नाव. शिडीची प्रत्येक पायरी जागच्या जागी आहे. परंतु हे आत्मकथन 'मी'ने सरळ सांगितलेले नाही. दगडू मारुती पवार हा दया पवारांना आपली गोष्ट सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ती सुखाने ऐकवत नाही. पायऱ्या चढून गेलेला आणि खाली राहिलेला असे हे दोघे एकाच देहात आहेत. चढून गेलेल्याकडे सन्मान आहे, शब्द आहेत, पण स्मृती दगडूकडे आहे आणि सांगण्याचा अधिकारही त्यानेच घेतला आहे. परकायाप्रवेश ही आधुनिक माणसाची शक्ती असेल तर येथे तो दुसऱ्याच्या कायेत नव्हे, स्वतःच्याच टाकून दिलेल्या कायेत करावा लागतो आहे, आणि तो अधिक अवघड आहे.

मूल्य-सर्वेक्षणाची प्रश्नावली घेऊन कोणी दया पवारांच्या दारावर आला असता तर उत्तरे त्यांनीच दिली असती. ती उत्तरे आत्माविष्काराच्या अक्षावर बरीच वरची ठरली असती. दगडू आत खाटेवर बसून ती ऐकत राहिला असता.